तांबटाचा ठोका

आईच्या खुब्याचं हाड मोडलं ते २०१९ च्या जानेवारीत. ऑपरेशन झालं, तिला घरी आणलं आणि तिचा पलंग हॉलच्या खिडकीशी लावला, कारण दिवसभर छताकडे बघत पडून राहायची तिची अजिबात तयारी नव्हती. खिडकीतून दिसायचा शेजारच्या बंगल्याच्या आवारातला शेवगा, त्याच्या मागे एक जुना उंबर आणि पलीकडे रस्त्याचा तुकडा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती म्हणाली, "अगं, इथे जवळपास तांब्याचं काम कोण करतंय?"

मला काही ऐकू येईना. तिने अंगावरच्या चादरीतून हात बाहेर काढला आणि पलंगाच्या दांडीवर बोटाने ताल धरला. टुक्, टुक्, टुक्, टुक्. तिच्या बोटाचा आणि बाहेरच्या आवाजाचा मेळ बसला तसं मलाही ऐकू यायला लागलं, आणि एकदा लागल्यावर थांबेचना. त्या घरात मी एकोणीस वर्षं राहत होते. एकोणीस उन्हाळे तो आवाज कानांवर पडत असणार.

आईचं माहेर कसबा पेठेतलं, तांबट आळी हाकेच्या अंतरावर. तिच्या लहानपणी सकाळी जाग यायची ती तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीच्या आवाजाने. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. भांड्याला आकार आला की त्यावर मठार करायचा, म्हणजे एकाशेजारी एक असे बारीक, सारख्या वजनाचे ठोके मारत जायचं. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती ठिपक्याठिपक्यांची झळाळी येते. "ठोका चुकला की भांड्यावर कायमचा दिसतो," ती सांगायची. त्या दिवशी कान देऊन ऐकत म्हणाली, "याचा चुकत नाही बघ."

आवाज शेवग्याकडून येतोय असं वाटायचं, मग उंबराकडून, मग थेट रस्त्यापलीकडून. आठवडाभर मी खिडकीत उभी राहून शोधत होते. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. बँकेतून यायचं, चहा टाकायचा आणि कप हातात घेऊन खिडकीशी जायचं, असा क्रमच झाला. शेवटी दिसला तो मला नाही, आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींना. मावशी भोरकडच्या. त्या आईचे केस विंचरत होत्या, तशाच हात थांबवून म्हणाल्या, "ताई, त्यो बघा. वाळक्या फांदीवर. मान हलवतोय."

चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, ढब्बू. मान डावीकडे वळवून दोन-चार ठोके, उजवीकडे वळवून दोन-चार. आवाज जागा का बदलतो ते तेव्हा कळलं. चोच बंद, आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगत होता. याहून जास्त काही त्या अंतरावरून दिसत नव्हतं.

खालच्या मजल्यावरचे काका आईच्या तब्येतीची चौकशी करायला आले, तेव्हा आईने त्यांनाही तो आवाज ऐकवला. काका हसले. "वहिनी, तुम्ही बरोबर ओळखलंत की! तांबटच आहे तो. पक्ष्याचं नावच तांबट." आईचा चेहरा जो उजळला, तो मला आजही डोळ्यांसमोर आणता येतो. तिच्या माहेरची आळी एका पक्ष्याच्या नावात होती, आणि बहात्तर वर्षं तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांची जुनी दुर्बीण आणून दिली. काळी, जड, चामड्याचा पट्टा झिजून मऊ झालेला. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही."

माझ्या छंदाची सुरुवात इथून झाली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

तोवर छंद हा शब्द मी फक्त फॉर्मवर लिहिला होता. शाळेच्या प्रगतिपुस्तकात, नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या वेळी वडिलांनी केलेल्या माहितीपत्रकात, सगळीकडे वाचन, गाणी ऐकणे, विणकाम. त्यांतलं विणकाम मला येतही नव्हतं. पुढे संसार, मुलगा, नोकरी, बदल्या. मधूनमधून वाटायचं, आपलं असं काहीतरी हवं. वेळ मिळाला की शोधू, असंही ठरवलेलं होतं. पण वेळ मिळाल्यावर छंद लागला, असं झालं नाही. लागला तो आयुष्यातल्या सर्वांत धकाधकीच्या तीन महिन्यांत. पहाटे पाचला उठून आईचं सगळं आवरायचं, बँक गाठायची, संध्याकाळी फिजिओथेरपीच्या ताईंच्या वेळेला घरी पोचायचं. तांबटाला वेळ कुठून आला, याचा हिशेब मला अजूनही लागत नाही. त्याने तो आपला आपण काढून घेतला.

तेव्हापासून मला एक खोडच लागली आहे. कुणी मनापासून काही करताना दिसलं की मी विचारते, हे तुम्हाला कसं लागलं? गेल्या सहा वर्षांत ऐकलेल्या उत्तरांमध्ये "मी ठरवलं आणि सुरू केलं" असं उत्तर जवळजवळ नाहीच. आमच्या शाखेतली एक मैत्रीण गणपतीत ढोल वाजवते. पंचेचाळिशीत कमरेला ढोल बांधला तिने. मुलीला सरावाला नदीपात्रात सोडायला जायची, अंधार पडेपर्यंत गाडीवर बसून राहायची. दोन आठवड्यांनी पथकातल्या एका मुलीने टिपरू तिच्या हातात दिलं, "काकू, नुसत्या बसण्यापेक्षा धरा." माझे मामा आकाशदर्शनाकडे वळले ते १९८६ साली, हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा. कुणीतरी त्यांना ओढून गच्चीवर नेलं. धूमकेतू अंधूक ठिपक्यासारखा दिसला आणि त्यांची थोडी निराशाच झाली, पण दुर्बीण तिथे होतीच, म्हणून कुणीतरी ती गुरूकडे वळवली. गुरूशेजारी ओळीत चार चंद्र. मामा आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि ते चार ठिपके सांगताना अजूनही हाताची चार बोटं पुढे करतात.

प्रत्येक गोष्टीत कुणीतरी एक माणूस असतो. तो शिकवत नाही, उपदेश तर मुळीच करत नाही. हातातली वस्तू पुढे करतो आणि बाजूला होतो.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट या बाबतीत मला फार मोलाची वाटते. १९०८ साली मुंबईत एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने एअरगनने चिमणी पाडली. हातात घेतल्यावर त्याला दिसलं की हिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे. त्याने मामांना विचारलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी, पट्टीचे शिकारी. त्यांनाही नक्की सांगता येईना. ते माहीत असल्याचा आव आणू शकले असते, "चिमणीच आहे रे, जा खेळ," म्हणू शकले असते. त्यांनी चिठ्ठी लिहून मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. आठ माणसांनी १८८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड. बुजऱ्या मुलाच्या हातातली मेलेली चिमणी त्यांनी नीट पाहिली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे हे सांगितलं आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून भारतातल्या नाना पक्ष्यांचे जतन केलेले नमुने त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तकंही दिली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पिशवीत घालून रानात गेले.

मी पुन्हा पुन्हा विचार करते तो मिलर्डसाहेबांच्या त्या दुपारचा. त्यांना काय कामं नसतील? दारात आलेल्या एका पोराला त्यांनी तासभर दिला.

दुर्बिणीचं एक सांगायचं राहिलं. काकांनी ती दिली खरी, पण पहिले चार दिवस मला तिच्यातून दोन काळी वर्तुळं आणि हलणारी पानं यांखेरीज काही दिसलं नाही. पक्षी डोळ्यांनी दिसायचा, दुर्बीण लावली की गायब. मी मान खाली घालून दुर्बीण हातात घ्यायची आणि वर बघेपर्यंत तो उडालेला असायचा. काकांनी एक दिवस मागे उभं राहून पाहिलं आणि सांगितलं, "पक्ष्यावरची नजर काढू नकोस. मान हलवू नकोस. नजर तिथेच ठेव आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आण." मग उजव्या डोळ्यापाशी असलेलं कडं फिरवून माझ्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे जुळवून दिलं. पाचव्या दिवशी शेवग्याच्या वाळक्या फांदीवर दुर्बीण गेली आणि तांबट माझ्या हाताच्या अंतरावर येऊन बसला.

कपाळावर कुंकवाचा टिळा. दाट, ओला वाटावा असा लाल. डोळ्याच्या वर आणि खाली पिवळा पट्टा, गळा पिवळा, त्याखाली पुन्हा एक लाल पट्टी. चोचीच्या मुळाशी मांजरासारख्या मिशा. पाय पोवळ्याच्या रंगाचे. हे सगळं माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर, दर उन्हाळ्यात. मी आईच्या उशाशी बसले, दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून हाताने तोलून धरली. तिला सापडायला बराच वेळ लागला. सापडला तेव्हा ती काही बोलली नाही. तिने फक्त माझं मनगट घट्ट धरलं.

मार्चमध्ये जोडीने त्या फांदीत बीळ कोरायला घेतलं. एक आत जाऊन खोदायचा, दुसरा येईपर्यंत थांबायचा, मग पाळी बदलायची. तोंडाशी बारीक भुसा उडताना दिसायचा. आई वॉकर घेऊन चालायला लागली ती खिडकीपासून दारापर्यंत नव्हे, दारापासून खिडकीपर्यंत. फिजिओथेरपीच्या ताई म्हणायच्या, रोज दहा पावलं वाढवा. मावशी म्हणायच्या, "आजी, चला, त्याचं घर किती झालं बघू."

सगळंच असं सुरळीत झालं नाही. काकांच्या सांगण्यावरून मी एका रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या एका गटाबरोबर गेले. सगळ्यांच्या गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे. मी आकाशात गोल फिरणारा एक पक्षी दाखवून "ती घार" म्हटलं. पुढच्या गृहस्थांनी मागे न वळता सांगितलं, "घारीची शेपूट दुभंगलेली असते. आधी पुस्तक वाचून या." चारचौघांत म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, शेपूट गोलच होती. पण त्या वाक्याने मी जवळजवळ परत फिरले होते. मी तेव्हा टिकले ते घरी आई विचारणार होती म्हणून: काय काय दिसलं? मोठ्या वयात काही नवं करायला निघालेला माणूस फार हळवा असतो. कामाच्या जागी त्याला मान असतो, घरात त्याचा शब्द चालतो, आणि इथे तो पहिलीत बसलेला असतो. त्याला त्या दाराशी कोण भेटतं, यावर सगळं ठरतं. मिलर्डसाहेब भेटले तर एक, नाहीतर दुसरं.

त्याच फेरीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. परतताना माझ्या बाजूला येऊन चालू लागल्या. म्हणाल्या, "डोळे मिटा आणि किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजा. नावं राहू देत." मी पाच मोजले. त्यांनी मोजले तेरा. पुढच्या रविवारी मी सात मोजले.

मग मी जात राहिले. वेताळ टेकडी, पाषाणचा तलाव, हिवाळ्यात सिंहगडाचा पायथा. लोणी काळभोरजवळ मुळामुठेवर कवडीपाट आहे. नदीची तिथे दैना आहे, पाण्यावर फेस, काठाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, नाकाला पदर लावावा असा वास. आणि त्याच पाण्यात डिसेंबरच्या उन्हात केशरी-तपकिरी चक्रवाकांची जोडी उतरलेली. मला त्या दिवशी आनंद झाला की रडू आलं, हे नीट सांगता येणार नाही. छंद म्हणून गेले होते, येताना नदीची काळजी घेऊन आले. ती आजतागायत उतरलेली नाही.

भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून गेलो तेव्हा होडीवाला मासेमारी करणारा. वल्हं मारता मारता तो पक्ष्यांची नावं सांगत होता, पण इंग्रजीतून. "बार हेडेड गूज, मॅडम. हिमालयावरून येतो." डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तो. मी विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? म्हणाला, "पाहुण्यांकडून. आधी आम्ही नुसतं 'बदकं आली' म्हणायचो." थोडं थांबून म्हणाला, "आता एकटा असलो तरी बघतो." या शेवटच्या वाक्यासाठी मी त्या माणसाला कधी विसरणार नाही. त्याचं पोट त्या पाण्यावर आहे, पाहुणे हा त्याचा धंदा आहे, आणि तरी होडीत कुणी नसताना तो वल्हं थांबवून बघतो.

२०२० च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं. रस्त्यावरची वाहनं थांबली आणि आवाजांची एक दुसरीच वस्ती उघडी पडली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक विचारू लागले, हा कोण ओरडतोय पहाटे? हा लांब शेपटीचा तपकिरी कोण? आवाज दयाळाचा होता, शेपटी भारद्वाजाची. मी जमेल तसं उत्तर द्यायचे, नाही जमलं तर काकांना विचारून. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण जोडप्याने गॅलरीत मातीची पसरट परळ ठेवली पाण्यासाठी. त्यांच्याकडे आधी बुलबुल आले, मग चष्मेवाल्यांचा थवा. चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला इवलासा पिवळा-हिरवा पक्षी. त्या मुलीने घरून काम करता करता तीन महिन्यांत सव्वीस जाती नोंदवल्या. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दोघींनी अंगणातल्या पक्ष्यांच्या जागतिक गणनेत नाव घातलं. चार दिवस असते ती. कुठेही किमान पंधरा मिनिटं थांबायचं, जे दिसेल ते मोजायचं आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचं. भारतातून २०१३ पासून लोक ती करतात. आईने त्या चार दिवसांत कावळे मोजले. फक्त कावळे, पण एकही चुकवला नाही.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. दोन वर्षांपूर्वी त्या आठवड्यात आम्ही एका शाळेची सातवीची मुलं टेकडीवर नेली. चाळीस मुलं, त्यांतली तीस धक्काबुक्कीत, सात फोटोत. तारेवर वेडा राघू बसला होता. तो झेपावला, हवेतल्या हवेत मधमाशी पकडून त्याच तारेवर आला आणि तारेवर तिला आपटू लागला. टप्, टप्, टप्. नांगी काढतोय, मी सांगितलं. एका मुलीने, वेण्या वर बांधलेली, सडपातळ, जरा मागेमागे राहणारी, माझी बाही ओढली. "परत येईल का तो?" मी म्हटलं, येईल, याच तारेवर येईल, थांब. गट पुढे गेला. आम्ही दोघी थांबलो. तो गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पाचव्या वेळी तो वळायच्या आधीच ती पुटपुटली, "आता." आणि तो आला. माझ्याकडे न बघता तिने दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

आई २०२२ मध्ये गेली. झोपेतच गेली. खिडकी उघडी होती.

मावशींचं माझ्याकडचं काम तेव्हा संपलं, पण येणंजाणं राहिलं. त्यांना मी एकदा विचारलं होतं, गावाकडे तुम्ही पक्षी बघता का? त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? ते असत्यातच की. पावश्या ओरडला की पेरणीचं बघायचं. टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघायचं. बाकी कामं काय कमी हायती?" मला तेव्हा वाटलं, खरंच आहे, ज्याच्या अंगणात ते आहेत त्याला छंद कशाला लागेल. या वर्षी गुढीपाडव्याला त्या आल्या, पुरणपोळीचा डबा ठेवला आणि जाताना चपला घालून दारात घुटमळल्या. "ताई, ती काकांची दुर्बीण दोन दिस द्याल का? धाकटा सारखा विचारतोय."

काका आता नाहीत. त्यांची दुर्बीण मी वापरत नाही, नवी घेतली आहे, हलकी. जुनी मी कापडात गुंडाळून त्यांना दिली. उजव्या बाजूचं कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. नजर काढायची नाही, हे सांगितलं.

दोन दिवसांचे बारा झाले. परत आली तेव्हा पट्ट्याला हळदीचा डाग होता आणि सोबत शाळेच्या वहीचं फाडलेलं पान. धाकट्याचं अक्षर. व्हला. कुंभारकावळा, विहिरीपाशी. टिटवी, दोन पिल्लं. सातभाई, पण नऊ होते. म्हशीवर बसणारा काळा, शेपटीला दोन टोकं. हा कोतवाल, मी मनात म्हटलं. खाली वेगळ्या पेनाने, त्याच्या आईने सांगितलेलं लिहून घेतल्यासारखं:

"रात्रीचा. नाव माहीत नाही. वाटेवरच बसतो, दगडासारखा दिसतो. बॅटरी मारली की डोळे लाल. चक् चक् चक् करतो. जवळ गेलं तरी उठत नाही."

रातवा. सहा वर्षांत मला एकदाही दिसलेला नाही. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "शनिवारी मुक्कामालाच या. धाकट्याला वाट ठाव हाय." स्वारगेटहून दुपारची एसटी आहे.